सगळ्यात जास्त नोंदी

अगं, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक! माझी आत्या नर्स आहे ना, रात्रपाळी करून दिवसा झोपते. झोपते कसली, खिडकीखाली दिवसभर हॉर्न! त्यात विज्ञान महोत्सववाल्यांनी आवाहन केलं, 'आपल्या गल्लीतला आवाज मोबाईलवर मोजा आणि आम्हाला पाठवा.' आत्या म्हणाली, "चल गं, एकदाचा पुरावाच देऊ. निदान 'हॉर्न वाजवू नका'ची पाटी तरी लागेल." महिनाभर बिचारी गजर लावून दर तासाला उठली आणि आकडे पाठवत राहिली. डोळे बघायचे होतेस तिचे, नुसते टोमॅटो!

काल समारोपाला तिला स्टेजवर बोलावलं. ती माझ्या कानात म्हणाली, "लागली बघ पाटी!" आयोजक काका माईकवर ओरडले, "सगळ्यात जास्त नोंदी या ताईंच्या गल्लीतून! केवढा हा उत्साह! म्हणून पुढच्या वर्षीचा अख्खा महोत्सव, स्पीकरसकट, तीन दिवस यांच्याच खिडकीखाली!"



आणि टाळ्यांच्या कडकडाटात माईक आत्याच्या हातात देऊन म्हणाले, "ताई, दोन शब्द बोला." आता तूच सांग, तू काय बोलली असतीस?