खिरीवर जवळ्याची चटणी

“मावशी, आठ दिवस बघतोय. तुमची एकही तारीख बरोबर आलेली नाही,” सुदेश म्हणाला.

माजिवड्याच्या पुलाखाली रतनमावशीची जेवणाची गाडी होती. गाडीवर पाटी, ‘काय खाता त्यावरून जन्मतारीख सांगते. चुकले तर सोलकढी फुकट.’ घोडबंदर रोडच्या ऑफिसांतली मंडळी दुपारी तिथे लोटायची. सुदेश मात्र नुसता चहा घ्यायचा आणि नाक मुरडायचा. चाळिशी ओलांडलेला माणूस. पत्रिका, मुहूर्त, वाढदिवसाचा केक, सगळ्याचंच त्याला वावडं. ‘तारखा माणसं लिहितात, जिभेला त्या कुठून कळणार?’ असं तो हाताखालच्या राकेशला रोज ऐकवायचा.

आठ दिवसांत त्याने चोर पकडला होता. मावशी सगळ्यांना तारीख सांगतच नव्हती. खिरीवर जवळ्याची चटणी घेणाऱ्यालाच सांगायची, आणि प्रत्येकाला एकच. नऊ ऑगस्ट. ही गोम कळल्यापासून राकेशसारखे उडाणटप्पू मुद्दाम खिरीत चटणी कालवायचे, नाक दाबून गिळायचे आणि सोलकढी उकळायचे.

“सगळ्यांना एकच तारीख कशी हो?”

गर्दी सरली होती, राकेश तेवढा बाकावर सोलकढी पीत बसला होता. मावशीने तव्यावरची भाकरी उलटली.

“पोटुशी होते तेव्हा मना तेचेच डोहाले लागलेले. खीर, नि वर जवल्याची चटनी. आई शिव्या घालायची. लगीन झालेलं नव्हतं ना माजं. नऊ ऑगस्टला पोरगा झाला. संध्याकाली माज्या बापाने उचलून नेला. कुठं ठेवला, ते मरेपर्यंत बोलला नाय.”

“म्हणून ही पाटी?”

“आईचे डोहाले पोराच्या जिभेवर उतरतात बोलतात. येईल कधीतरी. खाईल. मी तारीख बोलेन, तो बोलेल, बरोबर.”

सुदेशची सगळी ऐट उतरली. एवढी वर्षं कुणी कुणाची वाट बघतं, हे त्याला फार लागलं. आपली अशी वाट कुणी पाहिली असती तर, असं मनात आलं आणि त्याचा त्यालाच राग आला.

“तुमची कंची तारीख?” मावशीने विचारलं.

“एक जून,” तो चटकन म्हणाला. फॉर्म भरताना सांगतात तसं.

“बरं.” ती पुन्हा तव्याकडे वळली.

सुदेश उठला, पण त्याचा पाय निघेना. शेवटी त्याने पहिल्यांदाच थाळी मागितली. थाळी आल्यावर वाटीतल्या खिरीवर चमचाभर जवळ्याची चटणी घातली आणि सावकाश खाऊ लागला.

राकेश फिदीफिदी हसला. “सर, तुम्हीपण? फुकट सोलकढीसाठी?”

“नाही रे. लहानपणापासून असंच खातो. बायको समोर बसत नाही.”

“आणि ती एक जून? खरी, की शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली? माझ्या आजोबांची तशीच आहे.”

“ठोकून दिलेलीच,” सुदेश म्हणाला. बोलत राकेशशी होता, बघत होता मावशीच्या पाठीकडे. “आमच्या बालगृहात सगळ्याच पोरांची एक जून लिहायचे.”