स्क्रूवरचा ठिपका

बहीण जिना उतरून गेल्याची खात्री होताच थोरल्याने तिचं ग्राफिक्स कार्ड पुढ्यात ओढलं.

"स्पर्धेच्या ऑफिसातून एक फॉर्म आणायचाय रे दादा, अर्ध्या तासात येते," असं सांगून ती गेली होती. अर्धा तास त्याला पुष्कळ होता.

गेला महिनाभर ही दोघं भावंडं एकाच टेबलावर समोरासमोर बसून आपापल्या कार्डाची चिरफाड करत होती. मूळचे पंखे काढून टाकले, उष्णता बाहेर टाकणारं तांब्याचं मोठं हीटसिंक घासूनपुसून बसवलं, चिपवर नवी पेस्ट लावली. कार्ड जितकं थंड राहील तितकं जास्त वेगाने पळवता येतं. सगळी स्पर्धा एवढ्याचीच होती.

बक्षीस मात्र साधं नव्हतं. जिंकणाऱ्याला स्पर्धा भरवणारी कंपनी आपल्या लॅबमध्ये नोकरी देणार होती. थोरला आठ महिने घरी बसून होता. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. "नोकरी लागली की न्यायला या," एवढंच म्हणाली. भांडलीसुद्धा नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं होतं.

धाकटीची नोकरी उत्तम चालली होती. तिची ही नुसती हौस. पण तिचं कार्ड त्याच्या कार्डापेक्षा सहा अंश थंड चालायचं. आणि तिला हे सगळं शिकवलं कुणी? त्यानेच.

"कुणीही जिंका, बक्षीस घरातच येणार," आई म्हणायची. आईला काय जातंय म्हणायला!

स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायची सवय दोघांना वडिलांनी लावली होती. ते रेडिओ दुरुस्त करायचे. ठिपका फुटलेला दिसला की समजायचं, कुणीतरी आत हात घातलाय. थोरल्याचे ठिपके लाल, धाकटीचे हिरवे. दोन्ही बाटल्या टेबलावरच असत.

त्याने चार स्क्रू काढून हीटसिंक उचललं. मुख्य चिपला हात लावला नाही. तिचं तापमान पडद्यावर दिसतं. तिच्या बाजूला वीज सांभाळणाऱ्या बारक्या चिपा असतात, त्यांचं तापमान या कार्डात दिसत नाही. त्यांच्यावर उष्णता ओढून घेणारी मऊ पट्टी बसवतात. नव्या पट्टीवर पातळ प्लॅस्टिक असतं, ते आधी सोलायचं, नाहीतर उष्णता कोंडून त्या चिपा जळतात. घाईत भल्याभल्यांचं सोलायचं राहतं. थोरल्याने कचऱ्याच्या डब्यातून तसलंच एक प्लॅस्टिक शोधलं, बहिणीच्या पट्टीवर चापूनचोपून बसवलं आणि स्क्रू पुन्हा आवळले. उद्या कुणी उघडून पाहिलंच, तर चूक तिचीच ठरणार होती.

मग हिरवे ठिपके. बाटलीचं झाकण चिकटून बसलं होतं, चांगलाच जोर लावावा लागला.

ती परत आली तेव्हा तो आपल्या कार्डावरची धूळ फुंकत बसला होता. तिच्या हातात घडी केलेला कागद होता आणि चेहरा कसा खुलला होता. तिने चहा केला, कप त्याच्या हातात दिला आणि समोर बसली.

"दादा, तुला एक सांगायचंय."

"बोल की."

ती बोलायला गेली आणि थांबली. त्याच्या हातातल्या कपाकडे बघत राहिली.

"काय गं?"

"काही नाही. साखर बरोबर आहे ना?"

"आहे की."

"मग वहिनीला फोन कर जा. गच्चीवर रेंज चांगली येते. निवांत बोल, मनावरचं ओझं उतरेल."

त्याला भडभडून आलं. सगळं सांगून टाकावं असंही वाटलं. पण तो उठून गच्चीवर गेला. मुलगी फोनवर आली, "बाबा, मी बॅग भरून ठेवू?" म्हणाली, आणि सांगायचं राहून गेलं ते गेलंच.

पाऊण तासाने खाली आला तर खोलीभर नेलपॉलिशचा वास. धाकटी नखं रंगवत बसली होती.

"उद्या फोटो निघतील ना," ती फुंकर घालत म्हणाली. "तुझी लाल बाटली घेतली. चालेल ना?"

"घे की," तो म्हणाला. बरंच झालं, आता वासाची शंकाच नको.

दुसऱ्या दिवशी सभागृहात आठ टेबलं मांडली होती. वीस मिनिटं कार्ड पळवायचं. बंद पडलं की बाद. सुरू करण्याआधी थोरल्याने आपले चारही लाल ठिपके पाहिले. अखंड होते. हळूच मान वळवून तिचे हिरवेही पाहिले. तेही अखंड. तो निर्धास्त झाला.

पंधराव्या मिनिटाला दोघंच उरली. तिची समजूत काढायचं वाक्य त्याने तयारच ठेवलं होतं. 'अगं, होतं असं, माझंही प्लॅस्टिक एकदा राहिलं होतं.' ते त्याने मनात दोनदा घोळवलं.

"दादा, अजून चढव ना," ती शेजारून म्हणाली. "किती थंड दाखवतंय तुझं! घाबरलास की काय?"

खरंच थंड दाखवत होतं. अठ्ठावन्न अंश फक्त. त्याने व्होल्टेज आणखी वाढवलं.

सतराव्या मिनिटाला जळकट वास आला. थोरल्याने चेहऱ्यावर काळजी आणली आणि लगबगीने तिच्या टेबलाकडे वळला.

तिचा पडदा झकास चालला होता. लोक मात्र त्याच्या टेबलाकडे बघत होते. त्याचा पडदा काळा पडला होता आणि कार्डातून धुराची रेघ निघत होती.

वीस मिनिटं भरली. धाकटीचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या. ती आधी भावाकडे आली, गळ्यात पडली, तशा टाळ्या आणखी वाढल्या. पहिल्या रांगेत आई पदराने डोळे टिपत होती.

"नाव मागे घ्यायचा फॉर्म आणला होता काल, ही नोकरी तुला मिळावी म्हणून," ती त्याच्या कानाशी हळूच म्हणाली. "सही करणार, तेवढ्यात तुझ्या अंगठ्याला हिरवा रंग दिसला, दादा."