दर रविवारची साक्ष

पलसाण्याच्या डाइंग मिलच्या लॅबमध्ये मी रंगाचं वजन ग्रॅमच्या दशांशापर्यंत अचूक घेतो. प्रभूवर विश्वास ठेवला, पाळकांनी सांगितलं तसं वागलो आणि माझी तंबाखू खरोखर सुटली. तेव्हापासून भेस्तानच्या प्रार्थनासभेत दर रविवारी उभा राहून मी ही साक्ष देतो, आणि सुटलेलं व्यसन दर रविवारी थोडं वाढत जातं.

खरं तर मी जेवणानंतर फक्त एक चिमूट घ्यायचो. साक्षीत ती दिवसभर चालू लागली, मग झोपेतही. आणि कालच्या साक्षीत तर डॉक्टरांनी माझी आशाच सोडली होती.

सभा संपल्यावर लूमवर काम करणारे गणपतमामा खूश होऊन म्हणाले, “भाई, तुमच्यापुढं आपलं तर काहीच नाही! दिवसाला दोन-तीन पुड्या. मग मला कशाला सोडायला पाहिजे?”

शेजारी बसलेली माझी बायको योगिता म्हणाली, “मामा, थांबा. प्रार्थना करू या.” मी डोळे मिटून ‘आमेन’ म्हणायच्या तयारीत राहिलो.


“प्रभू, मामांना पुडी सोडायला लाव, आणि आमच्या ह्यांचं पुड्या सोडणं बंद कर.”