दुसरा 'बघू'

तक्रार केंद्राच्या खिडकीवर शालिनी घोलपने कागद आपटला. "हे मी लिहिलेलं नाही!"

खिडकीमागच्या मोहित्यांनी चष्मा सावरला. "ताई, अर्ज तुमचाच आहे. पन्नास शब्दांच्या वर गेला होता, म्हणून शब्दमोजणीच्या यंत्राने जादाचे शब्द काढले. कायदाच आहे तसा."

"जादाचे? 'गॅस गळतोय असं माझ्या नवऱ्याने कारखान्याच्या साहेबांना पुन्हा पुन्हा सांगितलं, पण साहेब नुसतं बघू बघू म्हणत राहिले,' असं मी लिहिलं होतं. इथे काय आलंय? 'पुन्हा सांगितलं. साहेब बघू म्हणाले.'"

"एकच शब्द लागोपाठ दोनदा आला की यंत्र एक खोडतं, बाकीचं वाक्य आटोपशीर करतं. अर्थ तोच राहतो ना?"

"तोच? मग खालचा निकाल वाचा!"

मोहित्यांनी वाचला. 'साहेबांनी पाहणीचे आश्वासन दिले होते. हलगर्जीपणा नाही. तक्रार निकाली काढली.'

"त्या गॅसने माझा माणूस गेला. यंत्राला कळत नसेल, पण तुम्ही तर जन्मापासून मराठी बोलताय!"

मोहित्यांनी तिच्यामागच्या रांगेकडे पाहिलं. "बरं बाई, फेरतपासणीचं बघू बघू."

खिडकीतल्या यंत्राच्या पडद्यावर त्यांचं बोलणं आपोआप उमटलं: 'फेरतपासणीचं बघू. आश्वासन नोंदवले.'

शालिनीने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"तुमचाही एक 'बघू' खाल्ला त्याने. म्हणजे आता तुम्ही मला शब्द दिलाय. तारीख टाका."