मधली वीट

धुराडी दुरुस्त करणाऱ्या हायवेलने नेस्टच्या शेगडीत तपासणीची धूरवडी पेटवून ठेवली आणि तिला वरच्या खोलीत पाठवलं. पलीकडच्या घरात शेजारी इडवलही, धूर झिरपतो का ते पाहायला, वर जाऊन थांबला होता. दोन्ही घरांची धुराडी एकाच मनोऱ्यात, मध्ये एका विटेची भिंत. खाणीच्या काळातली.

त्या भिंतीतून इडवलच्या कोळशाचा विषारी वायू आपल्याकडे येतो, असं नेस्टचं म्हणणं. निवृत्त खाणकामगाराला मिळणारा फुकट कोळसा तो दिवसरात्र जाळी. मागच्या हिवाळ्यात तिची लेक कॅरिस सकाळी उठलीच नाही. इस्पितळात प्राणवायू लावला तेव्हा वाचली. इडवल म्हणाला होता, पोरं आजारी पडतातच.

भिंत फुटकी निघाली, तर ती दोघांनी पैसे घालून बांधायची. आणि शेजाऱ्याच्या निजायच्या खोलीत कुणी शिरत नसे. तो सांगेल ते खरं.

वडी जळून गेली. नेस्ट खाली उतरली, तोवर इडवल तिच्या दारात आला.

"धूर कसला? तुझ्याकडून कधी स्वयंपाकाचा वास येत नाही, धूर कुठला यायला."

हायवेल हसला. मग त्याने नेस्टसमोर निवड ठेवली.

तिच्या धुराड्यात पोलादी नळी जाणारच. ती गार पडता कामा नये, नाहीतर आतून डांबर धरतं.

एक. नळीला जाड चादर गुंडाळायची. भिंत कशीही असो, चालतं.

दोन. नळीभोवती लाह्यांसारखे हलके दाणे ओतायचे. पण भिंत धड हवी. भोक असलं तर दाणे पलीकडे उतरतात, शेजाऱ्याचं धुराडं बुजतं. मग त्याचा वायू त्याच्याच खोलीत.

"चादर घे, पोरी," तो म्हणाला. "मलाही झोप लागेल."

"ओता," नेस्ट म्हणाली.

छपरावर हायवेल मध्येच थांबला. दाण्यांची हिशेबापेक्षा जास्त पोती गेली होती. नेस्टने खालून सांगितलं, त्यालाच पुन्हा विचारा. हायवेलने वरूनच हाक मारून धूर आला होता का ते विचारलं. इडवल परसात बादलीत कोळसा भरत होता. एकच गोष्ट माणसाने किती वेळा सांगायची, असं तो मान वर न करताच म्हणाला.

शेवटचं पोतं रिकामं झालं. नेस्टने चहा ठेवला. इडवल बादली घेऊन आत गेला, दार लागलं.

त्याच दिवशी सकाळी धूरवडी जळत होती, तेव्हा नेस्ट वर भिंतीला कान लावून उभी होती. पलीकडे इडवल खोकत होता, घाईघाईने खिडकी उघडत होता.