काउंटरवरची स्टुलं

अमेरिकेत अलाबामातल्या आमच्या शाळेत दर फेब्रुवारीला, काळ्यांच्या इतिहासाच्या महिन्यात, १९६० सालच्या सत्याग्रहाचं एक नाटक होतं. फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खानावळीत काळे विद्यार्थी काउंटरवर ठाण मांडून बसतात आणि मालक त्यांना हाकलतो. यंदा गोऱ्या पालकांचे आधीच फोन आले, "आमच्या लेकराला वाईट माणूस करू नका हं!" म्हणून ट्रम्बल बाईंनी त्या सगळ्या मुलांना सत्याग्रही केलं आणि मालकाचं काम वर्गातल्या एकुलत्या एक काळ्या मुलीला, नायलाला दिलं.

"बाई, खऱ्या सत्याग्रहात माझी आजी बसली होती. मलाही बसू द्या ना!" नायला रडवेली झाली.

बाईंनी तिच्या केसांवरून मायेनं हात फिरवला.

"कळतंय गं बाळा. पण बघ ना, काउंटरवर तुझ्यासाठी जागाच नाही."