उदबत्तीची रेघ

पक्षाघातानंतर वामनराव पेंटरांना वाचताच येईना. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाला अक्षरं म्हणजे नुसत्या रेघोट्या दिसत. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, मेंदूतली अक्षरांची ओळख गेली आहे.

तिन्हीसांजेला त्यांची पत्नी सिंधूताई देवापुढे उदबत्ती ओवाळत होत्या. मागून ते म्हणाले, "टोक फिरतंय तसा गोल कळतोय मला."

त्या थबकल्या. मग त्यांच्याशेजारी बसून उदबत्तीच्या लाल टोकानं त्यांनी हवेत हळूहळू एक अक्षर काढलं.

"न," ते म्हणाले.

सिंधूताईंनी मग लेकीचं अख्खं नाव लिहिलं.

त्यांची नजर टोकामागे फिरत राहिली.

"अगं, नूतनचा नू दीर्घ," ते कुरकुरले. "पोरीचं नाव तरी नीट लिही!"

"लिहिते हो," म्हणत त्यांनी डोळे पुसले आणि मुद्दाम पुन्हा चुकवलं.